पांढऱ्यात पांढरं

डिसेंबर लागला की खडकी बाजारात फ्लॉवरचे ढीग दिसायला लागतात. हातगाडीवर, पोत्यावर, टेम्पोच्या मागच्या फळीवर. हिरव्या पानांच्या आत ते पांढरे गड्डे असे बसलेले असतात, जसं काही त्यांनी कधी काही केलेलंच नाही. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. मी एक उचलते, पानं बाजूला सारते, उलटा करून देठ बघते, तुऱ्यांच्या फटीत डोळा घालते, नाकाशी नेते आणि परत ठेवते. मग दुसरा उचलते. परवा भाजीवाल्याला राहवलं नाही. “ताई, फ्लॉवर हाय त्यो, लग्नाचा नवरा नाय. किती बघाल?” शेजारच्या बाई मोठ्यांदा हसल्या. मी लाजले, हातात होता तोच घेतला आणि निघाले. घरी येऊन परत उलटा करून बघितला.

एका हिवाळ्यात आम्ही एवढा फ्लॉवर खाल्ला की आता त्याचा नुसता वास आला तरी मला तो हिवाळा आठवतो. वास तसा काही चांगला नाही. थंडीमुळे खिडक्या बंद असायच्या, आणि वाफवलेल्या फ्लॉवरचा तो ओलसर, किंचित गंधकासारखा वास पडद्यांत, उशांच्या अभ्र्यांत, माझ्या ऑफिसच्या बॅगेतसुद्धा जाऊन बसायचा. वाफेने धुरकट झालेल्या स्वयंपाकघराच्या काचेपलीकडे शिशिराचं ऊन, त्यात वाळत घातलेले बाबांचे मोजे. एक मोजा नेहमी वेगळा धुतलेला.

बाबांना साखर होती, हे घरात जुनं होतं. त्या वर्षी त्यांनी नवी चप्पल घेतली आणि ती उजव्या पायाच्या करंगळीला घासली. दुखायला हवं होतं, पण त्यांना कळलंच नाही. आईला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. डॉक्टर बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी जखम बघितली, रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला. “साखर उतरली तर हे भरून येईल. नाही उतरली तर करंगळी काढावी लागेल. मग पुढचं पुढे बघू.” मला ‘मग पुढचं पुढे’ हे शब्द पुरे होते. येताना रिक्षात मी बाबांच्या पायाकडे बघत होते. करंगळी, मग काय? मग कुठपर्यंत?

दुसऱ्या दिवशी मी आईला बसवून सांगितलं की आता बाबांच्या जेवणातले कार्ब कमी करायचे.

“कार्ब म्हणजे काय गं?”

“भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, पोहे, रवा...”

“मग राहिलं काय?”

आई चिपळूणकडची. तिच्या माहेरी जेवलास का म्हणजे भात खाल्लास का. बाकीचं सगळं भाताबरोबर खायचं असतं, त्याला जेवण म्हणत नाहीत. लग्न होऊन पुण्यात आली, पोळ्या शिकली, पिठलं-भाकरी शिकली, पण शेवटचा भात चुकला तर तिला घरातून कुणी उपाशी उठल्यासारखं वाटतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी त्या दिवशी, एखाद्या ग्राहकाला फोनवरून समजावतात तशी मी तिच्याशी बोलले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत मी इंग्रजीत गप्प बसायचे आणि घरी मराठीत. न बोलणाऱ्या माणसाचं बघणं वाढतं, आणि फार बघितलं की संशय येतोच. पण आजारपणाची भाषा मला इंग्रजीतून मिळाली होती, आणि त्या भाषेत मी एकदम धीट झाले.

रेसिपी सांगणारी बाई फोनवरच्या व्हिडिओत होती. तिच्या स्वयंपाकघरात एकही डाग नव्हता, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. बटाट्याऐवजी फ्लॉवर वाफवा, घोटा, आणि ‘फरक ओळखूसुद्धा येणार नाही’ असं ती हसून सांगत होती. फरक ओळखू येणार नाही असं कुणी आधीच सांगितलं की मला फरक दिसायला लागतो. पण बाबांना बटाट्याची भाजी जिवापाड आवडायची, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फ्लॉवर पाण्यात उकळला. आधी हळद-मिठाच्या गरम पाण्यात ठेवला तेव्हा एक हिरवी अळी निवांत वर तरंगत आली, मग दुसरी. उकळून मिक्सरमधून काढल्यावर जे झालं ते ताटात थांबेना. वरणाच्या दिशेने निघालं. बाबांनी चमच्याने त्याला अडवलं, उचललं, बघितलं.

“ही पुट्टी भिंतीला लावायची का पोटाला?”

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. जन्मभर त्यांनी मालावर शंका घेण्याचाच पगार घेतला. ढिगातला वरचा नग कधी उचलायचा नाही, मधला आणि तळाचा उचलायचा, हे ते आंबे घेतानाही पाळत. ताटात आलेल्या प्रत्येक पदार्थावर त्यांचा एक शेरा असे. आमटीला हिंग पोचला नाही. पोळी आज घाईत आहे. लोणच्याचं वय झालं. शेरा न मारता त्यांनी काही खाल्लेलं मला आठवत नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला आईचा स्वयंपाक तेवढा राहिला होता, आणि आता तोही मी काढून घेतला होता.

पुट्टी म्हणाले तरी त्यांनी ती संपवली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग मी त्या फ्लॉवरच्या मागे लागले. उकळायचा सोडून मोदकाच्या चाळणीत वाफवला. वाफवून पंच्यात बांधला आणि पिळला. हात भाजले, पण पाणी किती निघतं ते कळलं. एवढ्याशा कोरड्या दिसणाऱ्या तुऱ्यांत एवढं पाणी कुठे लपलेलं असतं, देव जाणे. पिळलेला फ्लॉवर कढईत नुसताच परतायचा, वाफ थांबेपर्यंत. लसूण लोण्यात मंद परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही. मग साय, थोडा चक्का, मीठ, मिरपूड. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. तरीही चमच्यावर घेतलं की बारीक रवाळ लागायचं आणि दोन मिनिटांत कडेला पाणी सुटायचं. त्या स्वच्छ बाईच्या वाटीतलं ते दाट, गुळगुळीत, चमच्याच्या मागे रेघ ठेवणारं पांढरं काही केल्या येईना.

आणि एक दिवस आलं.

सकाळी करून मी झाकून ठेवलं होतं. ऑफिस तेव्हा घरूनच चालायचं, दुपारी जेवायच्या वेळेला माझी मीटिंग असायची, म्हणून बाबांचं ताट आई गरम करून वाढायची. मीटिंग संपवून बाहेर आले तर बाबांच्या ताटात तो पांढरा गोळा मऊसूत बसला होता. मी त्यांच्याच चमच्याने एक घास घेतला. जिभेवर नुसता विरघळला. पाण्याचा थेंब नाही.

“कसं झालंय?” मी विचारलं.

“झालंय,” बाबा म्हणाले.

आई ओट्याकडे तोंड करून भांडी लावत होती. मला वाटलं, मुरल्यामुळे मिळून आलं असेल. मी, जी कधी कुठे स्वतःचा फोटो टाकत नाही, तिने त्या फ्लॉवरचा फोटो टाकला. त्यानंतर रोजच तसं व्हायला लागलं. बाबा जेवून उठताना पोटावरून हात फिरवायला लागले. आई परत गुणगुणायला लागली. घरात सगळं बरं चाललंय असं वाटत होतं, आणि साखर वाढत होती.

दुपारी बोटाला टोचून यंत्रात बघायचं. आकडा आदल्या आठवड्यापेक्षा वर. यंत्र खराब असेल म्हणून माझं स्वतःचं बोट टोचलं. यंत्र बरोबर होतं. मग एकच अर्थ उरत होता की बाबा बाहेर काहीतरी खातात. संक्रांत जवळ आली होती, येणारा-जाणारा कागदाच्या पुडीत तिळगूळ ठेवून जायचा, आणि मी प्रत्येक पुडीवर नजर ठेवायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाचा वास घ्यायचे. स्कूटरची डिकी उघडून बघायचे. ते बाजाराकडून आले की दारातच त्यांचे हात बघायचे, तेलकट आहेत का. बाबांना हे कळत नव्हतं असं नाही. एकदा त्यांनी आपणहून दोन्ही तळवे पुढे केले. “पलटवून दाखवू?”

डॉक्टरांनी फिरणं बंद केलं होतं. पण सकाळी दूध आणि पेपर आणायला जाणं हे बाबांच्या मते फिरणं नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याने ते सैल चप्पल घालून एक पाय जरा बाहेर टाकत जायचे. एकदा मी मागून गेले. डोक्यावरून ओढणी घेतली होती. धुकं होतं, लष्कराच्या गाड्या दिवे लावून जात होत्या, जुन्या झाडांवरून दंव टपटपत होतं. स्टेशनबाहेर वड्याचा पहिला घाणा निघत होता. बाबा थांबले. कढईसमोर थोडा वेळ उभे राहिले, थंडीत शेकोटीपाशी उभं राहावं तसे. मला वाटलं, सापडले. पण ते पुढे निघाले. वळणावर थांबून, मागे न बघता म्हणाले, “मागून आलीस तर धाप लागेल. बरोबर चल.”

त्या दिवसापासून मी रोज बरोबर जायला लागले. आम्ही फार बोलायचो नाही. आम्हा दोघांना ते सोयीचं होतं. आणि साखर तरीही उतरली नाही.

पुढच्या वेळी डॉक्टर बाईंनी पट्टी सोडली, जखमेची कड बघितली आणि म्हणाल्या, “अजून एकदा बघते. तोवर फरक दिसला नाही तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवू.” घरी आल्यावर आईचा बांध फुटला. चप्पलही न काढता ती बाबांसमोर उभी राहिली.

“अहो, खाता काय तुम्ही? कुठे खाता? पोरगी रोज मरमर मरते, आणि तुम्ही...”

मी आईच्या मागे उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“वडापाव,” ते म्हणाले. “स्टेशनवर. मधूनमधून.”

“पायापेक्षा वडा मोठा झाला तुम्हाला?” म्हणत आई रडायला लागली. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले.

मला मात्र ते पटेना. रोज सकाळी मी त्यांच्या बरोबर होते. पण त्याहूनही मोठं कारण वेगळं होतं. वडा कसा होता, हे बाबांनी सांगितलं नव्हतं. कच्चा होता, तिखट होता, चटणी पातळ होती, पाव कालचा होता, काहीच नाही. बाबांनी खाल्लेल्या वड्याला शेरा नाही, म्हणजे तो वडा नव्हताच. ते खोटं बोलत होते. माणूस गुन्हा लपवायला खोटं बोलतो हे मला समजत होतं. न केलेला गुन्हा अंगावर का घेतो, ते समजत नव्हतं. त्यांनी बाहेर काही खाल्लं नसेल तर जे काही जात होतं ते घरातूनच जात होतं. आणि घरात मी ज्याच्यावर कधीच संशय घेतला नव्हता असं एकच होतं, माझं ते मऊसूत यश.

दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्यातला एक चमचा मी वाटीत काढून माझ्या खोलीत ठेवला. दुपारी कानाला हेडफोन लावून मीटिंगला बसले, पण आवाज बंद ठेवला. मिक्सर वाजला. तो रोजच वाजत असणार. मी आजवर चटणी समजत आले होते, म्हणजे ऐकू आला असेल तेव्हा. आई ताट वाढून खाली कोथिंबीर आणायला गेली तशी मी बाहेर आले. बाबांच्या ताटातला एक चमचा घेतला, शेजारी माझ्या वाटीतला ठेवला. दोन्ही पांढरे. एक रवाळ, कडेला पाणी सुटलेला. एक रेशमासारखा. नुसतं बघून सांगता येणार नव्हतं की दुसऱ्यात काय आहे.

शेल्फवर बाबांच्या पट्टीचं सामान होतं. त्यात जखमेवर लावायचं ते तपकिरी औषध, आयोडीनचं. शाळेत असताना प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापावर आम्ही आयोडीनचा थेंब टाकला होता. तेव्हा कडेला उभं राहून बघितलेलं सगळं एकदम आठवलं. मी बाटली उघडली. माझ्या चमच्यावर थेंब पडला आणि तपकिरीच राहिला. बाबांच्या चमच्यावर पडला आणि बघता बघता निळा झाला, मग काळा, शाई सांडावी तसा.

बाबा घास थांबवून बघत होते.

“काय निघालं?”

“स्टार्च,” मी म्हणाले. “भात आहे यात. मऊ भात वाटून घातलाय. आई...”

“हळू बोल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच घासाला.”

“मग बोलला का नाहीत, बाबा? आमटीतला हिंगसुद्धा सोडत नाही तुम्ही!”

त्यांनी चमचा ताटात ठेवला. “सकाळचं तू ठरवतेस. गोळ्या डॉक्टर ठरवते. एवढ्याशा भाताने काय होतंय, असं वाटतं तिला. तिच्या हातचं दुसरं काय उरलंय आता माझ्या ताटात?”

“आणि बोट?”

“दहा आहेत.”

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दार वाजलं. आई कोथिंबीर घेऊन आत आली, आणि तिला आधी दिसला तो काळा चमचा.

“हे काय? काळं कशानं झालं?”

“पेन गळलं,” बाबा लगेच म्हणाले.

आमच्या घरात शाईचं पेन माझ्या शाळेनंतर कुणी वापरलेलं नाही. आईने बाबांकडे बघितलं. मग उघड्या बाटलीकडे, दोन चमच्यांकडे, माझ्या ओल्या डोळ्यांकडे. सगळ्यात शेवटी ओट्यावरच्या कुकरकडे. तिला आयोडीन माहीत नाही. पण ती काही बोलली नाही, आणि आई बोलत नाही तेव्हा ती समजलेली असते. तिने दोन्ही चमचे उचलले, नळाखाली धरले आणि खूप वेळ घासत राहिली. मी सांगावं की नाही, ते मला ठरवावं लागलंच नाही. खरं म्हणजे मला ठरवता आलं नसतं. सांगितलं नाही तर करंगळी जाणार होती. सांगितलं असतं तर आईला जन्मभर त्या पायाकडे बघवलं नसतं. तिच्या पाठीकडे बघत मी नुसती उभी राहिले. पाणी वाहत होतं.

करंगळी वाचली, हे सांगून टाकते. फार सावकाश, होळीच्या सुमारास, जखम कोरडी पडली. नख गेलं ते परत आलं नाही. आता कधी आई फ्लॉवर करते, कधी मी. ती करत असताना मी काहीतरी कारण काढून ओट्यापाशी उभी राहते. मी करत असताना ती चव बघते, दोनदा बघते. मला तिच्याबद्दल संशय नाही असं मी मनाशी म्हणते, आणि तरी कुकरचं झाकण कुठे आहे ते बघून घेते. प्रेम करणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवावं लागतं, हे मला तेव्हा कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही कधी कधी वाटतं. दुकानात, ऑफिसात, फोनवरच्या रेसिपीत मी आधीपासूनच सावध होते. घरी मी जरा सैल असायचे. ते राहिलं नाही.

पण मला तो हिवाळा आठवतो तो चमचा काळा झाला त्या दुपारसाठी नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसासाठी.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंग पुढे ढकलली आणि जेवणाच्या वेळी टेबलाशी येऊन बसले. मिक्सर वाजला नाही. आईने बाबांचं ताट आणलं. फ्लॉवर रवाळ होता, कडेला पाणी सुटलेलं होतं, पालकाची भाजी, वरण, काकडी. आणि उजवीकडे, नेहमी चटणीसाठी असते ती सगळ्यात लहान वाटी. त्या वाटीत भात. दाबून सपाट केलेला, वर तुपाचा ठिपका. सकाळी मी दुधाला गेले होते तेवढ्यात तिने डॉक्टरांना फोन केला होता आणि त्या मोजकं बोलणाऱ्या बाईंशी हुज्जत घालून एवढा भात मिळवला होता, हे मला नंतर कळलं.

बाबांनी ताट जरा फिरवलं. वाटीकडे बघितलं. मग आईकडे.

“आज भात दिसतोय.”

“दिसतोय तेवढाच आहे,” आई म्हणाली, आणि आपलं ताट घेऊन त्यांच्यासमोर जेवायला बसली.